जुना फ्लॅट घेण्याआधी घराची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतल्या रिसेल फ्लॅटसाठी आहेत. शेवटी बंगला आणि कोकणातलं कौलारू घर यांच्याबद्दलही थोडं आहे. सगळ्या उत्तरांमागचा नियम एकच आहे: आधी इमारत बघा, मग फ्लॅट, आणि दोन्हीकडे सगळ्यात आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा. आपल्याकडच्या घरांचे बहुतेक महागडे दोष पाण्यापासूनच सुरू होतात.

तपासणी टोकन देण्याआधी करायची की नंतर?

आधी. टोकन किंवा विसार गेला की घासाघीस करायला हातात काही उरत नाही. मालक "आधी टोकन द्या, मग काय बघायचं ते बघा" म्हणत असेल, तर विसार पावतीवर एक ओळ लिहून घ्या: अमुक दिवसांत अभियंत्याची तपासणी होईल आणि रचनेचा गंभीर दोष निघाला तर रक्कम परत मिळेल. ही ओळ लिहायला मालक तयार नसेल तर घाई करू नका.

इंजिनिअर बोलवायलाच हवा का?

पहिली फेरी तुम्ही स्वतः करू शकता, आणि निम्मी घरं त्याच फेरीत बाद होतील. घर पसंत पडलं आणि इमारत १५ वर्षांहून जुनी असली, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. इंटिरिअर डिझायनर किंवा वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार त्याची जागा घेऊ शकत नाही. ठेकेदाराला काम मिळवायचं असतं, त्यामुळे त्याच्या निदानात त्याचं औषध आधीच ठरलेलं असतं. एजंटने सुचवलेला माणूसही नको.

बरोबर काय न्यावं?

चांगला टॉर्च, लेझर टेप, छोटी पाणसळ, नाणं किंवा लाकडी दांडकं, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, मोबाइल चार्जर आणि एक बादली. ओल मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम, पण त्याचा आकडा स्वतंत्रपणे वाचू नका. ही मीटरं बहुतेक लाकडासाठी जुळवलेली असतात. घरातल्या निश्चित कोरड्या भिंतीचा आकडा आधी घ्यायचा आणि संशयित जागेचा त्याच्याशी ताडून बघायचा.

घर कधी बघावं?

जुलै-ऑगस्टमध्ये, तीन-चार दिवस सलग पाऊस झाल्यावर. ते जमणार नसेल तर निदान दोनदा जा: एकदा दिवसा उजेडात, एकदा पाणी यायच्या वेळेला. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक भिंत कोरडी दिसते. त्या दिवसांत ओल दिसत नाही, पण तिच्या खुणा दिसतात, आणि त्या वाचता यायला हव्यात.

सुरुवात कुठून करायची?

फ्लॅटच्या दारातून नाही. आधी स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत) जा. तिथले कॉलम उघडे असतात आणि तिथे कुणी इंटिरिअर करत नाही, त्यामुळे इमारतीची खरी तब्येत तिथे कळते. कॉलमचा जमिनीलगतचा दोन-तीन फुटांचा भाग नीट बघा. गाड्या धुतलेलं पाणी तिथे साचतं आणि सळई तिथेच आधी गंजते. वरच्या बीमना उभ्या-आडव्या भेगा आहेत का, काँक्रीट सुटून सळई दिसते आहे का, कुठे नुसता सिमेंटचा हात फिरवलाय का, ते बघा. काही कॉलम बाकीच्यांपेक्षा जाडजूड दिसत असतील तर त्यांचं जॅकेटिंग (भोवती नवं आवरण देऊन मजबुतीकरण) झालेलं असू शकतं. जॅकेटिंग वाईट नाही. ते कुणी केलं, कधी केलं आणि कागद कुठे आहेत, हे विचारा.

मग गच्चीवर जा. ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थराला) भेगा आहेत का, पाणी साचल्याचे काळे डाग आहेत का, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) पायथ्याचा गोलसर वाटा फुटलाय का, पावसाच्या पाइपांची तोंडं तुंबलीत का, हे सगळं दहा मिनिटांत दिसतं. टाकीच्या खालचा स्लॅब विसरू नका. कायम ओल असल्यामुळे तिथली सळई लवकर गंजते. शेवटी बाथरूमच्या डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) वाकून बघा. डक्टच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलेलं असेल, तर ड्रेनेजचा जोड बरेच दिवस गळतोय असं समजा.

भिंतीला भेग आहे. घाबरायचं का?

भेगेची जागा आणि दिशा आधी बघा, रुंदी नंतर. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर गिलावा पटकन सुकल्यामुळे त्या पडलेल्या असतात. रंगकाम करताना भरून घेता येतात. बीमच्या खालच्या कडेने विटांच्या भिंतीत सरळ आडवी भेग असेल, तर वीट आणि काँक्रीट उन्हाने वेगवेगळं प्रसरण पावतात म्हणून ती पडते. सांध्यावर जाळी न लावता गिलावा केला की हे हमखास होतं. भिंत बाहेरची असेल तर याच भेगेतून पाऊस आत येतो, तेवढं लक्षात ठेवा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग एकाच खिडकीला असेल तर बहुधा लिंटेलचा (खिडकीवरच्या आडव्या पट्टीचा) प्रश्न असतो. पण खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांवर त्याच ठिकाणी तशीच तिरकी भेग दिसली, तर पाया खचल्याची शंका घ्यावी आणि इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नये.

खरी काळजीची भेग कॉलमवर उभी किंवा बीमवर लांबीने, आतल्या सळईच्या रेषेत धावते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून रेटतो आणि काँक्रीटचं आवरण फुटतं. भेगेच्या कडेने तांबूस डाग दिसला, नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर सळई गंजू लागली आहे यात शंका नको. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या परिस्थितीत काँक्रीटच्या पृष्ठभागावर ०.३ मिमीपर्यंतची भेग चालते. नखाचं टोक आत गेलं तर भेग त्या मर्यादेच्या पुढे गेली असं धरा.

स्ट्रक्चरल ऑडिट मागायचा हक्क आहे का, आणि त्यात काय वाचायचं?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट, म्हणजे तिच्या मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे रिपोर्ट विकणाऱ्या सभासदाकडूनच मागवा. "रिपोर्ट सोसायटीकडे आहे, पण दाखवत नाहीत" या उत्तरावर व्यवहार पुढे नेऊ नका.

रिपोर्टमध्ये आधी इमारतीचा वर्ग शोधा. मुंबई महापालिका आणि आसपासच्या महापालिका चार वर्ग वापरतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे घरं किंवा त्यांचा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच करता येणारी रचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी वाचून दचकू नका. जुन्या इमारतींत हा वर्ग सर्रास दिसतो. त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: सुचवलेली दुरुस्ती झाली का, आणि झाली नसेल तर पैसे जमलेत का?

मग चाचण्या बघा. नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिलेला रिपोर्ट अपुरा असतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनीलहरींचा वेग सेकंदाला ३ किमीपेक्षा कमी आला तर काँक्रीट आतून संशयास्पद आहे. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला तर सळई गंजत असण्याची शक्यता फार मोठी असते. कार्बोनेशनच्या चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन टाकतात. ते गुलाबी झालं तर काँक्रीटचा अल्कलीपणा टिकून आहे आणि सळईला संरक्षण आहे; रंगच आला नाही तर ते संरक्षण संपलंय. समुद्राजवळच्या इमारतीत यांच्या जोडीला क्लोराइडची चाचणीही असावी.

वार्षिक सभेचं शेवटचं इतिवृत्त आणि सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते त्या निधीची) शिल्लक यांच्या प्रती मालकाकडून घ्याच. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला असेल तर वर्गणीचा बोजा तुमच्यावर येणार आहे, आणि ती रक्कम काही लाखांत असू शकते.

रंग नुकताच मारलाय. ओल कशी ओळखायची?

सगळ्या घराला रंग मारलेला असेल तर एक वेळ ठीक. फक्त एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच कोपऱ्याला नवा रंग असेल, तर तिथेच थांबा. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, म्हणजे प्रकाश भिंतीवरून सरपटत जाईल. नव्या रंगाखालचे पोपडे, पुट्टीचे ठिगळ, फुगवटे, सगळं सावलीत उठून दिसतं. मग मालक रंग मारत नाही त्या जागा बघा: कपाटाच्या आतली मागची भिंत, पोटमाळा, सिंकखालचं खण, पडद्याच्या पेल्मेटमागची पट्टी, स्विचबोर्डाच्या कडा. ओलीमुळे भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांची (लोणा) पांढरी भुकटी तिथे जशीच्या तशी असते. लोखंडी खिळे आणि स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेत का, तेही बघा.

शंका उरलीच तर मालकाच्या परवानगीने फूटभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि २४ तासांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेतली बाष्पं आहेत, आणि मग उपाय वॉटरप्रूफिंगचा नसून हवा खेळती ठेवण्याचा आहे.

ओल आहे हे कळलं. ती येते कुठून?

ती कधी दिसते यावरून बरंच ठरतं. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत, छज्जा, खिडकीची चौकट किंवा गच्ची. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आधी तपासा. बाराही महिने असेल तर पाण्याचा किंवा ड्रेनेजचा पाइप, नाहीतर वरचं बाथरूम. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पट्टा असेल तर ओल जमिनीतून वर चढते आहे, आणि ती नुसत्या रंगाने कधीच थांबत नाही.

खर्च कुणाचा, यावर भांडणं फार होतात. उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपांमधून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. वरच्या फ्लॅटच्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदांनी आपल्या खर्चाने. वरचा सभासद दारच उघडत नसेल तर हा वाद वर्षानुवर्षं चालतो. म्हणून वरच्या घराची बेल वाजवा, ओळख करून घ्या. तो माणूस कसा बोलतो ही माहितीही तपासणीचाच भाग आहे.

बाथरूममध्ये नेमकं काय बघू?

खालच्या मजल्यावर जा. तुम्ही घेणार असलेल्या बाथरूमची अवस्था खालच्यांच्या छतावर दिसते. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूट-दीड फूट खाली दाबलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांची भरणी असते. नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचा) जोड सुटला की पाणी त्या भरणीत साठत राहतं. वर फरशी कोरडी आणि खाली छत ओलं. हे दुरुस्त करायचं म्हणजे फरशी, भरणी सगळं उपसून नव्याने वॉटरप्रूफिंग. या कामाचा अंदाज व्यवहाराआधीच काढा.

आत आल्यावर बादलीभर पाणी ओता. ते ट्रॅपकडे जायला हवं, दर मीटरला साधारण १० ते १५ मिमी उतार असला की जातं. भिंतीकडे पाणी साचलं तर लाद्या काढाव्या लागतील. लाद्या नाण्याने ठोका. पोकळ वाजणाऱ्या लाद्या सलग ओळीत असतील तर खालचा मसाला सुटलाय. मालक तयार असेल तर पाणी भरून ठेवण्याची चाचणी सगळ्यात भरवशाची: ट्रॅप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फडक्याने बंद करा, इंचभर पाणी भरा, पातळीची खूण करा आणि २४ तासांनी खालचं छत बघा. आधी खालच्या शेजाऱ्याला सांगायला विसरू नका.

पाण्याचा दाब आणि पाइप?

स्वयंपाकघराच्या नळाखाली १५ लिटरची बादली लावा. दोन मिनिटांत भरली तर ठीक. मग त्याच वेळी बाथरूमचा नळ सोडा आणि धार किती पडते ते बघा. भिंतीतले पाइप जी.आय.चे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) आणि वीस-पंचवीस वर्षांचे असतील तर आतून गंजाने अरुंद झालेले असतात. सकाळी पहिला नळ सोडल्यावर तांबूस पाणी येतं. हे पाइप एक-एक करून दुरुस्त होत नाहीत, सगळे बदलून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाकावे लागतात. लपलेली गळती शोधायची असेल आणि फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल, तर सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा. वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता येतं, मे महिन्यात टँकर लागतात का?

वायरिंग?

आधी मेन बोर्ड. जुने फ्यूज असतील तर वायरिंगही तेव्हाचंच असण्याची शक्यता आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या वायर निघाल्या तर पूर्ण वायरिंगचा खर्च धरून चाला. ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. ते लगेच पडायला हवं. सॉकेट टेस्टर प्रत्येक खोलीत लावा. अर्थिंग नसलेला सॉकेट त्याच्या दिव्यावरून कळतो. दिव्यांना १.५ चौरस मिमीची वायर चालते. गीझर आणि एसीला निदान २.५, शक्यतो ४ चौरस मिमी हवी, कारण ३ किलोवॉटचा गीझर एकटाच साधारण १३ ॲम्पिअर ओढतो. वीजबिलावरचा मंजूर भारही वाचा. दोन एसी आणि गीझर चालवणार असाल आणि भार १-२ किलोवॉटच असेल तर वाढवून घ्यावा लागेल.

पीओपीचं छत चांगलं की वाईट?

राहायला छान, तपासायला वाईट. त्याच्यामागे मूळ स्लॅब लपतो. एखादा दिवा खाली ओढून त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च आत घाला आणि स्लॅबचा व्हिडिओ काढा. मालकाने याला ठाम नकार दिला तर त्यातून काय ते समजा. सगळ्यात वरच्या मजल्यावर हे केल्याशिवाय घर घेऊ नका.

वाळवी?

दाराच्या चौकटींचा खालचा फूटभर भाग आणि भिंतीला टेकलेली फर्निचरची पाठ दांडक्याने ठोका. पोकळ वाजलं, मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी. फरशीवर पिठासारखी भुकटी पडलेली असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा. त्याचा उपचार वेगळा.

मालकाने भिंत पाडून हॉल मोठा केलाय. चालेल का?

मंजूर नकाशा मागा आणि घर त्याच्याशी ताडून बघा. कॉलम-बीमच्या सांगाड्यातली विटांची आतली भिंत बहुधा भार घेत नाही, पण जुन्या भार पेलणाऱ्या भिंतींच्या इमारतीत तीच भिंत वरचे मजले तोलून धरते. बंद केलेली बाल्कनी किंवा खोलीत घेतलेला फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा झाडांसाठीचा ओटा) यावर नोटीस आली तर ती नव्या मालकाच्या दारावर लागते. सगळ्यात त्रासाचा बदल म्हणजे जागा बदललेलं बाथरूम: ते खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर येतं, आणि गळती झाली की भांडण मिटत नाही. भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हे याच वेळी बघून घ्या.

क्षेत्रफळ मोजायचं का?

हो, स्वतः लेझर टेपने. रेरातलं (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातलं) चटई क्षेत्र म्हणजे आतली वापरायची जागा आणि आतल्या विभाजक भिंती. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची त्यात येत नाही. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. जुन्या करारनाम्यातला आकडा अनेकदा बिल्ट-अपचा, म्हणजे भिंतींसकट जागेचा असतो.

आगीची यंत्रणा?

अग्निसुरक्षेचा फॉर्म बी दर वर्षी जानेवारी आणि जुलैत सादर व्हायला हवा. शेवटचा कधी दिला ते सेक्रेटरींना विचारा. होज बॉक्स उघडून बघा, आत पाइप आहे का की झाडू ठेवलेत.

इमारत नवी आहे, मग तपासणी कशाला?

रेरा कायदा २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत रचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करावा लागतो. ही मुदत असेपर्यंत दोष शोधून लेखी कळवणं फायद्याचं आहे. नव्या घरात गळके सांधे, उलटा उतार आणि पोकळ लाद्या हमखास सापडतात.

काळ्या मातीतला बंगला घेतोय. वेगळं काय?

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भेगा मेमध्ये रुंदावतात आणि सप्टेंबरमध्ये मिटल्यासारख्या दिसतात. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग याचीच खूण. पाया मुरमापर्यंत नेलाय का ते विचारा, जोत्याभोवती तीन फुटांचा पक्का पट्टा आहे का आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जातं का ते बघा.

कोकणातलं जुनं कौलारू घर?

भिंतीत टेकलेली वाशांची टोकं आधी बघा, कारण चिऱ्यातली ओल तिथे लाकडाला लागते आणि वासा टोकाकडून कुजतो. टोकदार सळई टोचून बघा. लाकूड मऊ लागलं तर तो वासा बदलायचा. आढं मधे वाकलंय का, हे अंगणातून कौलांची रांग बघितली की कळतं. चिरे मातीत रचलेत की चुन्यात, हे गिलावा सुटलेल्या जागी दिसेल. विहीर मेमध्ये बघा, आणि शोषखड्डा तिच्यापासून निदान १५ ते १८ मीटर लांब आहे याची खात्री करा.

दोष सापडले. आता किंमत कमी करायची की सोडून द्यायचं?

तुमच्या फ्लॅटच्या आत दुरुस्त होणारे दोष, म्हणजे वायरिंग, पाइप, बाथरूम, वाळवी, यांचे दोन ठेकेदारांकडून लेखी अंदाज घ्या आणि ते समोर ठेवून भाव करा. सोसायटीच्या हातातल्या दोषांत भाव कमी झाला तरी प्रश्न सुटत नाही, कारण दुरुस्ती तुमच्या इच्छेने होणार नाही. अशा वेळी निधी आणि ठराव दोन्ही असतील तरच पुढे जा. सी-१ आणि सी-२ए इमारत राहण्यासाठी घेऊ नका. पुनर्विकासाच्या आशेवर घ्यायची असेल तर तो वेगळा जुगार आहे आणि त्याचा सल्ला वकिलाकडून घ्यावा.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, मालकाला माहीत असलेला आणि खरेदीदाराला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष मालकाने सांगायला हवा. म्हणून प्रश्न लेखी विचारा, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर: "गेल्या पाच वर्षांत कुठे गळती झाली? काय दुरुस्ती केली? सोसायटीकडे कोणती तक्रार प्रलंबित आहे?" उत्तरं जपून ठेवा.

ताबा घेताना पुन्हा बघायचं का?

हो, सामान हललं की. कपाटामागची भिंत तुम्हाला तेव्हाच पहिल्यांदा दिसते. शेवटचा हप्ता या फेरीनंतर द्यायचा, असं करारात आधीच लिहून घ्या. मालक सोडून जाणार असलेले पंखे, गीझर, ग्रिल, मोड्युलर ट्रॉली यांची यादी करारनाम्याला जोडलेली असली की त्या दिवशी वाद होत नाही. वीज, पाणी आणि पाइप गॅसच्या मीटरचे फोटो मालकासमोर काढा.